रंग नंतर काढा, आधी ओल शोधा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

येत्या २२ ऑगस्टला (२०२०) गणेशचतुर्थी आहे. ठाणे, कळवा, डोंबिवली या पट्ट्यात मार्चपासून अर्धवट पडलेली घरे गणपतीच्या आत पुरी करून घेण्याची घाई आता सुरू झाली आहे. करोनामुळे ठाण्यात २ जुलैपासून पुन्हा लागलेली कडक टाळेबंदी १९ जुलैला संपली आणि फोन वाजू लागले. बहुतेकांचे मागणे एकच असते: 'काम जिथे थांबले तिथून सुरू करा आणि मूर्ती यायच्या आत निदान रंग तरी काढून द्या.' घरदुरुस्तीच्या व्यवसायातले आम्ही काही स्थापत्य अभियंते, प्लंबर आणि वायरमन हे पत्र लिहीत आहोत, कारण या मागणीचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. चार महिने बंद राहिलेले काम जिथे थांबले तिथून पुढे नेता येत नाही, ते दोन पावले मागे जाऊनच सुरू करावे लागते. आणि रंग हे या पावसाळ्यात शेवटचेसुद्धा काम नव्हे. ते या पावसाळ्यातले कामच नव्हे.

यंदाची पंचाईत नीट समजून घ्यायला हवी. घरातली मोठी तोडफोड लोक होळीनंतर काढतात, म्हणजे मे अखेरपर्यंत सगळे आटोपते आणि पावसाच्या आत रंग वाळतो. यंदा धुळवड १० मार्चला होती. त्यामुळे २२ मार्चचा जनता कर्फ्यू आणि पाठोपाठ २५ तारखेपासूनची देशभराची टाळेबंदी आली तेव्हा बरीच घरे सर्वांत वाईट टप्प्यावर होती. बाथरूम फोडून झालेले, भिंतींत वायरिंगच्या झिऱ्या (खाचा) मारलेल्या, सिमेंट आणि टाइल्स येऊन पडलेल्या, प्लायवूड उभे केलेले, पण पूर्ण म्हणावे असे काहीच नाही. मे महिन्यात श्रमिक गाड्यांनी बरेच सुतार, रंगारी आणि टाइलवाले आपापल्या गावी गेले. मग ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि जूनच्या मध्यावर मुंबई-ठाण्यात पाऊस सुरू झाला. म्हणजे जे काम कोरड्या हवेत आठ आठवड्यांत व्हायचे, त्यातला कच्चा भाग आता भर पावसात उघडा पडला आहे.

पहिली तपासणी कोणाला सुचत नाही अशी आहे: घरात साठवलेल्या मालाचे वजन. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो चल भार (माणसे आणि सामान यांचे वजन) धरून डिझाइन केलेला असतो. सिमेंटची ५० किलोची गोणी सुमारे ०.३ चौरस मीटर जागा घेते. दहा गोण्या एकावर एक रचल्या की त्या जागेवर ५०० किलो, म्हणजे चौरस मीटरला १,६०० किलोंच्या वर भार येतो. दोन बाय दोन फुटांच्या व्हिट्रिफाइड टाइल्सचा चार नगांचा बॉक्स ३० किलोंच्या आसपास भरतो, दहा बॉक्सची चळत म्हणजे चौरस मीटरला ८०० किलो. काम चालू असताना हा माल आठ-पंधरा दिवसांत संपतो, म्हणून निभावते. यंदा तो चार महिने एकाच जागी उभा आहे, आणि बहुधा हॉलच्या मधोमध, कारण तिथे जागा असते. स्लॅब सर्वाधिक वाकतो तोही मधोमधच. काम सुरू होवो न होवो, या चळती आजच उतरवून बीमच्या वर किंवा भिंतीलगत पसरून ठेवा. गोण्यांचे दोन थर, टाइल्सचे बॉक्स उभे आणि एकेरी. फोडलेल्या बाथरूमचा राबिट (विटा-सिमेंटचा मलबा) गोण्यांत भरून गॅलरीत रचला असेल, तर तो सर्वांत आधी खाली न्या. गॅलरीचा स्लॅब बऱ्याच इमारतींत एकाच बाजूने धरलेला असतो आणि राबिट पावसात भिजला की आणखी जड होतो. मात्र तो खाली नेऊन पावसाळी गटाराच्या जाळीवर टाकू नका.

आता त्या गोण्यांतल्या सिमेंटविषयी. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष गोणीवर छापलेले असते, ते वाचा. चांगल्या साठवणीतही तीन महिन्यांत सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरते. दमट घरात, जमिनीला आणि भिंतीला चिकटून ठेवलेली गोणी त्याहून लवकर जाते. तीन महिन्यांच्या वरचे सिमेंट चाचणी केल्याशिवाय वापरू नये हा नियम आहे, आणि दोन-चार गोण्यांसाठी प्रयोगशाळेत कोणी जात नाही हेही आम्हाला माहीत आहे. म्हणून व्यवहारी तोडगा सांगतो. हात गोणीत खोलवर घाला. पीठ थंड आणि मऊ लागले, गुठळी बोटांत चिरडली गेली, तर ते सिमेंट राबिट भरायला किंवा झिऱ्या बुजवायला थोडे जास्त प्रमाण धरून चालेल. गुठळी चिरडत नसेल तर गोणी टाकून द्या. चाळणीने गुठळ्या काढून उरलेले वापरणे ही गवंड्यांची जुनी सवय आहे, पण गुठळ्या झालेल्या गोणीतले सुटे पीठही अर्धे मेलेलेच असते. वॉटरप्रूफिंगला आणि टाइल्स बसवायला मात्र ताजीच गोणी आणा. एका बाथरूमला ती तीन-चारच लागतात. वॉल पुट्टीची मुदत साधारण सहा महिने असते, मार्चमध्ये दुकानातून आलेली पुट्टी त्याआधी किती दिवस गोदामात होती हे गोणीवरच्या तारखेवरूनच कळेल. टाइल चिकटवण्याच्या ॲडेसिव्हचे सील फुटले असेल तर तारीख पाहायचीही गरज नाही.

सगळ्यात जास्त नुकसान बाथरूमचे झाले आहे, आणि वरच्या-खालच्या शेजाऱ्यांची भांडणेही तिथूनच उगवणार आहेत. बाथरूमचा स्लॅब बाकी घरापेक्षा ९ ते १२ इंच खाली असतो, त्याला आम्ही सन्क म्हणतो. या खड्ड्यात पाइप टाकायचे, वॉटरप्रूफिंग करायचे, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरायचा आणि मग टाइल. मार्चमध्ये काम यातल्या कुठल्या थरावर थांबले, ते आधी पाहा.

नुसता फोडलेला सन्क असेल तर तुम्ही नशीबवान. साफ करून नव्याने सुरुवात करता येते. वॉटरप्रूफिंगचा एक हात मारून काम थांबले असेल, तर त्या थरावर चार महिन्यांची धूळ, चपलांचे ठसे आणि बहुधा पडलेल्या हातोड्याची एखादी खोकही असते. त्यावर दुसरा हात मारला तर दोन थरांमध्ये धुळीचा पापुद्रा राहतो आणि थर सुटतो. तारेच्या ब्रशने घासा, धुवा, सुटलेला भाग पूर्ण खरवडून काढा आणि दोन्ही हात पुन्हा द्या. कोबा घालून लगेच काम बंद झाले असेल तर प्रश्न क्युरिंगचा आहे. ताज्या कोब्याला किमान सात दिवस पाणी मिळायला हवे होते, २५ मार्चनंतर ते कोणी मारले? खिळ्याने ओरखडा काढा, भुकटी निघाली तर कोबा कच्चा. हातोडीच्या दांड्याने ठोका, बद्द आवाज आला तर पोकळ. असा कोबा काढायलाच हवा, वर रसायनाचा थर देऊन तो पक्का होत नाही. नवे काम कराल तेव्हा क्रम असा ठेवा: स्लॅब धुवून पाइपांच्या भोवतीची भोके न आकुंचणाऱ्या ग्राउटने भरायची, कारण गळती पाइपाच्या गळ्याशीच सुरू होते. मग भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सगळीकडून वाटा (सांधा गोलसर करणारी सिमेंटची पट्टी) करायचा. त्यावर पॉलिमरयुक्त सिमेंटी कोटिंगचे दोन हात, दुसरा पहिल्याला आडवा, मध्ये चार-सहा तास. भिंतीवर निदान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत.

इथे एक हिशेब द्यावासा वाटतो, कारण फसवणूक इथेच होते. ४ बाय ७ फुटांच्या बाथरूमचा तळ २८ चौरस फूट, सगळीकडून एक फूट भिंत म्हणजे २२ चौरस फूट, शॉवरची बाजू आणखी ३५ च्या आसपास. एकूण ८५ चौरस फूट, म्हणजे जवळपास ८ चौरस मीटर. दोन हातांना चौरस मीटरला साधारण दीड किलो कोटिंग लागते. तेव्हा १२ किलो माल लागायला हवा. कारागीर एक लिटरचा डबा घेऊन आला आणि 'होऊन जाईल' म्हणाला, तर तो वॉटरप्रूफिंग करत नाही, सिमेंटला रंग देतो आहे.

कोटिंगला तीन दिवस देऊन मग पाणी भरून चाचणी घ्या. पाइपांची तोंडे बुचाने बंद करा, सर्वांत उंच जागेवरही इंचभर पाणी राहील इतके भरा आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा. ४८ तास हे कमीत कमी, ७२ असतील तर उत्तम. पातळी उतरली ती गळतीने की बाष्पीभवनाने, हा वाद नेहमीचा. त्यावर सोपा उपाय म्हणजे त्याच बाथरूममध्ये पाण्याने भरलेली बादली ठेवायची आणि तिच्यातही खूण करायची. बादलीत जितके उतरेल तितके बाष्पीभवनाचे, त्याहून जास्त उतरले तर गळती. एरवी आम्ही खालच्या घरात जाऊन छत पाहतो. सध्या कोणी घरात घेत नाही आणि घ्यावे असा आग्रहही नाही, म्हणून पाणी भरण्यापूर्वी आणि तिसऱ्या दिवशी खालच्यांनी स्वतःच छताचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवावेत. पुढे गळतीचा आरोप झाला तर हेच फोटो दोघांच्याही कामाला येतात. आणि तीन दिवसांनी पाणी काढून टाकायला विसरू नका, आठवडाभर साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचे डास तयार होतात.

वापर बंद असलेल्या बाथरूमची दुसरी तक्रार वासाची आणि झुरळांची असते. लोक त्यासाठी पेस्ट कंट्रोल करून घेतात. न्हाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी कायम उभे असते, तेच गटारातला वायू आणि झुरळे अडवते. काही आठवडे वर पाणी पडले नाही की ते सुकते आणि रस्ता मोकळा होतो. दर आठवड्याला अर्धी बादली पाणी ओतले की काम होते. घर बंद ठेवून गावी जाणार असाल तर पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल टाका, पाणी लवकर उडत नाही.

पाइपांचे म्हणाल तर भिंतीत टाकलेल्या सीपीव्हीसी (प्लास्टिकच्या) पाइपांची तोंडे टोप्या न लावता सोडली असतील तर आत सिमेंट, माती, कधी कधी गांधीलमाशीचे घर सापडते. नळ बसवण्याआधी प्रत्येक पॉइंट उघडा ठेवून जोरात पाणी सोडा, नाहीतर नव्या मिक्सरचे कार्ट्रिज पहिल्याच दिवशी खराब होईल आणि दोष मिक्सरला दिला जाईल. त्यानंतर हातपंपाने दाब चाचणी. गच्चीवरच्या टाकीचा दाब सात मजली इमारतीत तळाला चौरस सेंटिमीटरला जेमतेम दोन किलो असतो, तरी चाचणी सात ते दहा किलोंवर घेतो, कारण प्रेशर पंप आणि नळ झटकन बंद केल्याचा धक्का जोडांना सोसावा लागतो. काटा तासभर हलता कामा नये. टाइल लागल्यावर ही चाचणी करण्यात अर्थ नाही. मार्चमध्ये उघडलेला सॉल्व्हंट सिमेंटचा (पाइप जोडायच्या चिकट द्रवाचा) डबा घट्ट झाला असेल तर फेका, त्यात थिनर घालून पातळ करणारा प्लंबर भेटला तर त्यालाही परत पाठवा.

वीज. ही एकच गोष्ट अशी आहे की तिच्यासाठी गणपतीचीच काय, उद्याचीही वाट पाहू नये. झिऱ्या मारून सोडलेल्या घरात लोक चार महिने राहत आहेत, टेपने गुंडाळलेल्या टोकांवर दोन-तीन लॅपटॉप आणि मुलांची ऑनलाइन शाळा चालू आहे. जून-जुलैत भिंत ओली झाली की वायरींच्या कन्सील्ड (भिंतीत बुजवलेल्या) पाइपात पाणी उतरते. मेन बंद करून, सगळी उपकरणे काढून, वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक सर्किटचे इन्सुलेशन तपासून घ्या. फेज आणि अर्थ यांच्यात एक मेगाओमपेक्षा कमी वाचन आले तर ते सर्किट सुरू करू नका. तीस मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट झिरपला की वीज तोडणारा स्विच) बसवलेला नसेल तर बाकी सगळी खरेदी बाजूला ठेवून तो बसवा. असेल तर त्यावरचे 'टी' बटण दाबून तो पडतो का ते पाहा. तो सारखा पडतो म्हणून काढून थेट जोडणी करणारे वायरमन आहेत. आरसीसीबी सारखा पडतो म्हणजे कुठेतरी करंट झिरपतो आहे, आणि तो काढल्यावर झिरपणे थांबत नाही. दिवे-पंख्यांना १.५, जास्त वॉटेजच्या सॉकेटना २.५ आणि गिझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तार हा आमच्याकडचा प्रघात. घरूनच काम करायचे म्हणून टेबलापाशी नवे पॉइंट वाढवताना ते दिव्याच्या तारेवरून ओढू देऊ नका.

सुतारकामाबद्दल थोडक्यात. प्लाय भिंतीला टेकवून तिरके उभे केले असेल तर आतापर्यंत त्याला बाक आला असेल. ते आडवे, सपाट रचून ठेवायला हवे होते, फरशीपासून चार इंच उचलून. एकाच बाजूला लॅमिनेट लावलेली दारे दमट हवेत कमान घेतात, कारण उघडी बाजू ओलावा पिऊन फुगते आणि दुसरी फुगत नाही. किंचित बाक असेल तर मागे लायनर (पातळ लॅमिनेट) लावून, वजनाखाली आठवडाभर ठेवून तो निघतो. अर्धा इंच असेल तर निघत नाही. कपाटाची पाठ बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, बोटभर फट सोडा. बाथरूमच्या भिंतीमागे कपाट येत असेल तर ते पाणी भरण्याची चाचणी झाल्यावरच बसवा. आणि जुनी दारे आता अडकू लागली म्हणून रंधा मारून घेऊ नका, ऑक्टोबरात लाकूड पुन्हा आकसते आणि मग दाराच्या फटीतून शेजारचे घर दिसते. पॉलिशचेही तेच. दमट हवेत मेलामाइन मारले तर वाळताना त्यावर पांढुरकी साय धरते.

टाइल्स कमी पडत असतील तर नव्या मागवताना बॉक्सवरचा बॅच आणि शेड क्रमांक जुळवा. आपल्याकडच्या बहुतेक टाइल्स गुजरातेत मोरबीला होतात, तिथले कारखाने टाळेबंदीत बंद होते. त्यामुळे मार्चच्या बॅचच्या टाइल्स आता मिळण्याची खात्री नाही. नाव तेच असले तरी नव्या बॅचचा रंग आणि कधी मापही एखाद-दुसऱ्या मिलिमीटरने वेगळे असते. जुळत नसेल तर जुना माल हॉलमध्ये वापरा आणि नवा पलंगाखाली, ओट्याखाली घाला.

आता ज्या दोन गोष्टी या साथीनेच आणल्या त्यांच्याकडे येतो. पहिली सोडियम हायपोक्लोराइट. कामगार येऊन गेले की घरभर ते शिंपडण्याची पद्धत पडली आहे. दरवाजांच्या कड्या, लिफ्टची बटणे पुसायला एक टक्क्याचे द्रावण ठीक आहे, पण माणसांच्या अंगावर फवारू नये असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिलमध्येच सांगितले आहे. सुतारांना वॉचमनकडून फवारणी करून घेऊनच वर सोडणाऱ्या सोसायट्यांनी ते कृपया थांबवावे. त्याहून मोठा धोका बाथरूममध्ये आहे. नव्या टाइल्सवरचे सिमेंटचे डाग काढायला कारागीर ॲसिड वापरतात. त्याच जमिनीवर, तेही लहानशा बंद खोलीत, हायपोक्लोराइट पडले तर क्लोरिन वायू निघतो. ॲसिड वॉश ज्या दिवशी असेल त्या दिवशी त्या खोलीत हायपो अजिबात नको, आणि दुसऱ्या दिवशीही भरपूर पाण्याने धुतल्यानंतरच. क्रोमच्या नळांवर आणि स्टीलच्या सिंकवर ते राहू दिले तर डाग पडतात, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुसा. अल्कोहोलचे सॅनिटायझर लॅमिनेटचे ॲडेसिव्ह, थिनर किंवा ग्रिलचे वेल्डिंग चालू असलेल्या खोलीत ठेवू नका. साबण आणि पाणी तिथे जास्त सुरक्षित आहे.

दुसरी मास्क. कापडी मास्क बोलताना उडणारे थेंब अडवायला आहे, टाइल कापताना उडणारी बारीक सिलिकाची धूळ तो अडवत नाही. त्या कामाला एन-९५ हवा. पण त्यावर झडप असेल तर उच्छ्वास गाळला न जाता बाहेर येतो, म्हणून झडपेचा मास्क नको, असे आरोग्य खात्याने याच महिन्यात कळवले आहे. कटरवर पाणी सोडून कापले तर धूळच कमी उडते, आणि हा उपाय फुकटचा आहे. मास्क लावून चौथ्या मजल्यावर रेतीच्या गोण्या चढवायला लावून 'लिफ्ट कामगारांना बंद' असा फलक लावणाऱ्यांनी एकदा स्वतः मास्क लावून रिकाम्या हातांनी जिना चढून पाहावा.

सोसायट्यांना आमची विनंती वेगळी. राज्य शासनाने ३ जूनपासून प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांना कामाची मुभा दिली. अनेक सोसायट्यांच्या फलकावर मात्र अजून 'पुढील सूचनेपर्यंत कोणतेही काम नाही' असेच आहे. भीती समजते. पण सरसकट बंदीने उघडे सन्क आणि उघड्या वायरी तशाच राहतात, आणि त्यांची गळती शेवटी सोसायटीच्याच बीमपर्यंत पोचते. त्यापेक्षा कामांची वर्गवारी करा. वॉटरप्रूफिंग, प्लंबिंग, वायरिंग, खिडक्यांच्या कडा बंद करणे यांना आत्ता परवानगी, फॉल्स सीलिंग, रंग, पॉलिश यांना पाऊस सरल्यावर. एका घरात एका वेळी एकच ट्रेड आणि तीनपेक्षा जास्त माणसे नकोत, रोज तीच माणसे, दुपारचा डबा त्याच घरात. ड्रिल आणि ब्रेकरसाठी दोन तास ठरवून द्या, उदाहरणार्थ दुपारी १ ते ३, आणि ते आदल्या दिवशी फलकावर लिहा. इमारतीत बहुतेकांचे ऑफिस आणि शाळा आता घरातच आहे.

गावी गेलेल्या कारागिराच्या पैशांबद्दल बोलायला लोक नाखूष असतात. काम पुढे न्यायचे असेल तर आधी झालेल्या कामाचे मोजमाप करून टाका: प्लास्टर ब्रासमध्ये (एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट), टाइल्स चौरस फुटांत, वायरिंग आणि प्लंबिंग पॉइंटवर, कपाटे दर्शनी चौरस फुटांवर. त्याचे फोटो त्याला पाठवा, तो गावाहून फोनवर हो-नाही म्हणेल, उचल वजा करून उरलेली रक्कम खात्यात टाका. अर्धवट कामाचा दर पूर्ण कामापेक्षा कमी धरावा लागतो, हे तोही जाणतो. त्याने भिंतींवर पेन्सिलने लिहिलेली मापे आणि बाण पुसू नका, पाइप आणि वायर कुठून गेली आहे हे फक्त तिथेच लिहिलेले असते. नवा माणूस कामाला लावलात तर जुन्याच्या कामाची हमी तो देणार नाही, आणि त्याला तसा आग्रह करणेही बरोबर नाही. म्हणून वर सांगितलेल्या चाचण्या नव्या माणसासमोर करा आणि निकाल कागदावर लिहून दोघांनी सह्या करा.

राहिला रंग. भिंतीत ओल आहे का हे हात लावून कळत नाही. फूटभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने भिंतीला चिकटवा आणि २४ तासांनी पाहा. आतून थेंब किंवा धुके दिसले तर ओल भिंतीतूनच येते आहे. अशा भिंतीवर पुट्टी आणि रंग चढवला तर लोणा फुटतो, पोपडे सुटतात आणि दिवाळीच्या आत तोच खर्च दुसऱ्यांदा होतो. नव्या प्लास्टरला तसेही महिनाभर तरी वाळू द्यावे लागते, पावसाळ्यात त्याहून जास्त. 'ओल प्रतिबंधक' रंग आतून लावून बाहेरून येणारे पाणी थांबत नाही. ते खिडकीच्या कडेने, एसीसाठी पाडलेल्या भोकातून, छज्ज्याच्या सांध्यातून येते आणि तिथेच बंद करावे लागते. त्यासाठी दोन दिवसांची उघडीप पुरते.

आज २७ जुलै. चतुर्थीला २६ दिवस आहेत. सन्कची सफाई आणि भोके भरणे दोन दिवस, कोटिंग एक, वाळणे तीन, पाणी भरणे तीन, कोबा एक, त्याचे क्युरिंग सात, वरचा हात आणि पुन्हा चाचणी चार, टाइल्स आणि ग्राउट तीन. एकूण चोवीस. म्हणजे माणसे मिळाली आणि ती सोसायटीत शिरू शकली, तर एक बाथरूम आणि वीज गणपतीच्या आत जेमतेम बसते. हॉलमधल्या उघड्या झिऱ्यांवर मखराचा पडदा सोडा, गणपती त्याने रागावत नाही. रंगाला यंदा पंचांगानेच सवड दिली आहे. आश्विन अधिक असल्यामुळे नवरात्र १७ ऑक्टोबरला बसते आणि लक्ष्मीपूजन थेट १४ नोव्हेंबरला आहे. पाऊस सरल्यावर चार कोरडे आठवडे मिळतात. अधिक महिन्यात नवे काही काढू नये असे मानणाऱ्यांनाही मार्चमध्ये सुरू झालेले काम पुढे नेण्यास अडचण नसावी. रंगाचे डबे आत्ताच आणून ठेवले असतील तर शेड मिसळून घेण्याआधी परत करा. शेड मिसळलेला डबा दुकानदार घेत नाही.

आपले,
घरदुरुस्तीच्या व्यवसायातील काही स्थापत्य अभियंते, प्लंबर व वायरमन
ठाणे, २७ जुलै २०२०